द्राक्षाच्या पेटीमागे रॉटरडॅमपर्यंत : परदेशी अभ्यासदौरा कसा आखावा

वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांचे परदेशी अभ्यासदौरे अलीकडे अनेक महाविद्यालये काढतात. त्यांतील पुष्कळसे दौरे आठ-दहा दिवसांत चार-पाच देश उरकतात आणि दोन कारखान्यांच्या स्वागतकक्षात माहितीपट पाहून संपतात. अशा दौऱ्यात व्यापार कसा चालतो हे कळत नाही आणि संस्कृतीही कळत नाही, कारण दोन्हींसाठी एका ठिकाणी थांबून एकच गोष्ट पुनःपुन्हा विचारावी लागते. म्हणून माझा आग्रह असा आहे की दौरा देशांच्या यादीभोवती न आखता एका वस्तूभोवती आखावा, आणि ती वस्तू अशी निवडावी की तिचे एक टोक आपल्या जिल्ह्यात असेल. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी नाशिकचे द्राक्ष आणि नेदरलँड्स ही जोडी मला सर्वांत फलदायी वाटते, कारण युरोपात जाणाऱ्या आपल्या द्राक्षांचा मोठा वाटा रॉटरडॅम बंदरात उतरतो आणि तेथून जर्मनीसह शेजारच्या देशांत वाटला जातो.

अभ्यासाचा पहिला भाग घरीच करायचा असतो, आणि तो टाळला तर पुढचा खर्च वाया जातो. फेब्रुवारीत निर्यातीचा हंगाम भरात असताना विद्यार्थ्यांना दिंडोरी किंवा निफाड तालुक्यातील एखाद्या पॅकहाऊसमध्ये, म्हणजे द्राक्षे निवडून पेट्यांत भरण्याच्या केंद्रात, पूर्ण दिवस बसवावे. मोहाडी येथील सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकऱ्यांच्या कंपनीने परवानगी दिली तर उत्तमच. मण्यांचा आकार मिलिमीटरमध्ये का मोजतात, गोडी कशी तपासतात, प्रीकूलिंगला, म्हणजे तोडणीनंतर माल लगेच थंड करण्याला, उशीर झाला तर देठाचे काय होते आणि न्हावाशेवा बंदरातून निघालेल्या रीफर (शीत) कंटेनरचे तापमान कोण पाहते, हे तेथे विचारावे. 2023 च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास लांबला. त्या वाढलेल्या दिवसांची किंमत कोणी सोसली, हा एकच प्रश्न विमा, करार आणि विश्वास या तिन्ही विषयांची दारे उघडतो.

जाण्यापूर्वी 2010 च्या हंगामाची माहितीही करून घ्यावी. त्या वर्षी युरोपात पोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्या वाढनियंत्रकाचे अंश सापडले, माल अडकला आणि बागायतदारांचे फार मोठे नुकसान झाले. निर्यातीपूर्वीच्या चाचण्यांच्या यादीत तेव्हा हे रसायन नव्हते. ही घटना ठाऊक असलेला विद्यार्थी रॉटरडॅमच्या आयातदाराला रेसिड्यूविषयी, म्हणजे फळात उरलेल्या रसायनांच्या अंशांविषयी, जो प्रश्न विचारतो, तो पुस्तक वाचून सुचत नाही.

याच काळात लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलावही पाहून घ्यावा. तेथे व्यापारी वाहनासमोर उभे राहून बोली चढवत नेतात. ते मनात ताजे असेल तर नेदरलँड्समधील उलट पद्धत नीट समजते.

आता आखणीकडे वळतो. मार्चचा शेवट ते एप्रिलचा मध्य हा काळ मला योग्य वाटतो, कारण त्या वेळी आपली द्राक्षे तिकडच्या दुकानांत असतात आणि फुलांचा व्यापारही जोरात असतो. मात्र विद्यापीठाचे परीक्षांचे वेळापत्रक पाहावे, आणि ईस्टरच्या सुट्यांत भेटी ठरवू नयेत. कंपन्यांना पत्रे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच पाठवावीत, कारण डच माणसाची भेटींची वही महिनोन्‌महिने आधी भरते आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात कार्यालये थंडावतात. पत्र एका पानाचे असावे. कोण येणार, नेमके काय विचारणार आणि किती वेळ हवा, एवढेच त्यात लिहावे. संस्थेच्या गौरवाचे परिच्छेद तेथे कोणी वाचत नाही. विद्यार्थी पंधराच्या आसपास असावेत. शीतगृहात चाळीस जणांना कोणी नेत नाही, आणि नेले तरी मागच्यांना काही ऐकू येत नाही.

नेदरलँड्ससह युरोपातील अनेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. गटासाठी मी जानेवारीच्या पुढे थांबणार नाही. किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा विमा, पालकांची बँक विवरणे, महाविद्यालयाचे पत्र आणि यजमान कंपन्यांची निमंत्रणे एकत्र ठेवावीत. मुक्काम एकाच शहरात करावा. देश लहान आहे, रेल्वेने रोज जाऊन परत येता येते, आणि एकाच वस्तीत राहिल्यामुळे दुकानदार ओळखू लागतो, हा लाभ लहान नाही.

प्रत्यक्ष दौऱ्यात आल्समेर येथील फुलांच्या लिलावाला एक सकाळ द्यावी आणि आठच्या आत पोचावे, कारण उशिरा गेल्यास रिकामे ट्रॉलीमार्ग दिसतात. येथे घड्याळासारख्या पडद्यावर किंमत चढ्या आकड्यापासून सुरू होऊन खाली येते, आणि जो सर्वांत आधी बटण दाबतो त्याचा माल होतो. एक व्यवहार काही सेकंदांत संपतो. नाशवंत मालाला वेळ दवडणे परवडत नाही, हे याचे एक कारण आहे. पण विद्यार्थ्यांनी त्याहून पुढे जाऊन ही संस्था कोणाची आहे ते विचारावे. हा लिलाव चालवणारी रॉयल फ्लोरा हॉलंड ही उत्पादकांची सहकारी संस्था आहे. लासलगावचा व्यापारी शेजाऱ्याचा चेहरा पाहून बोली वाढवतो, तर येथे शेजारी काय देणार आहे हे कळण्याआधीच निर्णय घ्यावा लागतो, आणि आता बहुतेक खरेदीदार तर सभागृहात नसून आपल्या कार्यालयातून बटण दाबतात. भाव ठरवण्याच्या या दोन रीतींत शेतकऱ्याच्या हाती कोठे अधिक पडते, यावर दौऱ्यातील एक पूर्ण संध्याकाळ चर्चा व्हावी. वेळ असेल तर ब्रुक ऑप लांगेडाइक येथेही जावे. 1887 मध्ये उतरत्या बोलीची भाजीविक्री तेथे सुरू झाली, आणि मालाने भरलेल्या होड्या ज्या लिलावघरातून जात ते आता संग्रहालय आहे.

दुसरा मोठा दिवस रॉटरडॅमचा. मासफ्लाक्ते या बंदराच्या भागातील कंटेनर टर्मिनलमध्ये माणसे जवळजवळ दिसत नाहीत, कंटेनर चालकाविना फिरतात. ते पाहण्यासारखे आहे, परंतु खरे शिक्षण बारेंड्रेख्त आणि रिडरकेर्क भागातील फळांच्या शीतगृहांत मिळते. तेथे निरीक्षक पेटी उघडतो, देठ हिरवा आहे का पाहतो, मणीगळ मोजतो, तापमान नोंदवतो, आणि त्याच्या अहवालावर मोहाडीच्या बागायतदाराचे पैसे ठरतात. माल कन्साइनमेंटवर (विकला जाईल त्या भावाने पैसे) आहे की आयातदाराने आधी कबूल केलेल्या किमान हमीभावावर, वाद झाला तर कोणाचा अहवाल ग्राह्य धरतात, हे नम्रपणे पण थेट विचारावे. त्याच संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये जाऊन द्राक्षाच्या डब्यावरील देशाचे नाव, वजन आणि किंमत लिहून घ्यावी. त्यातून अन्नावरचा 9 टक्के कर वजा करून किलोचा भाव काढावा आणि नाशिकला नोंदवलेल्या बांधावरच्या भावाशेजारी मांडावा. मधल्या फरकाला लगेच लूट म्हणू नये. भाडे, शीतगृह, वाया गेलेला माल आणि दुकानाचा खर्च यांचा हिशेब मांडून मगच मत बनवावे.

संस्कृतीसाठी वेगळा दिवस राखण्याची गरज नाही, ती बैठकीतच भेटते. डच व्यवस्थापक पहिल्या नावाने हाक मारायला सांगतो, दुपारी पाव आणि चीज खात काम चालू ठेवतो, आणि प्रश्न आवडला नाही तर तसे तोंडावर सांगतो. ‘सर’ म्हणण्याच्या सवयीने आणि नकार गुळमुळीत ऐकण्याच्या सवयीने आपले विद्यार्थी प्रथम दुखावतात. म्हणून निघण्यापूर्वी एकमेकांत अशा बैठकीचा सराव जरूर करावा. आणखी एक सुचवतो. द हेगच्या हाग्से मार्क्टमध्ये एक सकाळ फिरावे. 1873 पासून उत्तर भारतातून सुरीनामला करारावर मजूर नेले गेले. त्यांचे पुष्कळ वंशज पुढे नेदरलँड्समध्ये आले आणि या शहरात त्यांची मोठी वस्ती आहे. भाजी, मसाले आणि कापडाच्या त्या गाळ्यांत व्यापार आणि स्थलांतर एकत्र दिसतात.

रोजची नोंद तीन भागांत ठेवावी : स्वतः पाहिलेले, कोणी सांगितलेले आणि आपला तर्क. या तिघांची सरमिसळ झालेले अहवाल मी पुष्कळ वाचले आहेत आणि त्यांतून काहीच हाती लागत नाही. परतल्यावर महिन्याभरात अहवाल मराठीतही लिहावा. छापण्यापूर्वी यजमानांना त्यांच्याविषयीचा भाग दाखवावा, आणि त्यांनी विश्वासाने सांगितलेले भाव वगळावेत. त्यानंतर ज्या पॅकहाऊसमध्ये विद्यार्थी बसले होते तेथील बागायतदारांसमोर तो वाचावा. निरीक्षकाने पेटीत काय पाहिले आणि कशाबद्दल नाके मुरडली, हे ऐकायला ते नक्की येतात, आणि अहवालातील चुकाही तेच दाखवून देतात.