सेल्फ दाबल्यावर इंजिन जड फिरतंय? नवी बॅटरी घेण्याआधी अर्थिंगची वायर बघा

(ठाणे जिल्हा, रोहिणी नक्षत्र ते आवणी म्हणजे भातलावणी)

रोहिण्या निघाल्या. मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख ११ जून, पण २०२५ साली तो २६ मेलाच येऊन थडकला आणि तारखेच्या भरवशावर बसलेल्यांची धांदल उडाली. त्यामुळे "अजून पंधरा दिवस आहेत" हा हिशेब यंदा करू नका. शेडमध्ये पेंढ्याआड उभी असलेली एटीव्ही, म्हणजे चार जाड चाकांची हँडलवाली गाडी, आज बाहेर काढा, सेल्फ दाबा आणि कान देऊन ऐका. बाकीची कामं उद्या केली तरी चालतील.

मुरबाड, शहापूर, अंबरनाथकडे फार्महाऊसवाल्यांनी काढून टाकलेल्या ११०-१२५ सीसीच्या जुन्या एटीव्ही बऱ्याच शेतकऱ्यांनी घेतल्यात. चिखलणी तिच्यानं होत नाही, तो हट्ट धरूही नका. पण रोपांच्या मुठी, खताच्या गोण्या, फवारणीचा पंप आणि मांडवाखालचे काकडी-भेंडीचे क्रेट डांबरी रस्त्यापर्यंत आणायला पावसाळ्यात तिच्याशिवाय दुसरं काही उपयोगी पडत नाही. टेम्पो बांधापर्यंत पोचतच नाही. वाशी मार्केटची गाडी चुकली की भेंडी दुसऱ्या दिवशी जून होते, काकडी पिवळी पडून पोटात बी धरते. मग तो माल गुरांपुढे टाकायचा. अशी नासाडी मी भुरी-केवड्यानं झालेली पाहिली तितकीच गंजलेल्या एका बोल्टमुळे झालेलीही पाहिली आहे. भुरीवर निदान फवारणी तरी करता येते.

निष्काळजीपणा तोच, आणि दरवर्षी तोच. हंगाम संपला की गाडी शेडमध्ये ढकलायची. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची नाही, पेट्रोलचा कॉक बंद करायचा नाही, आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर किल्ली शोधायची. तोवर बॅटरी उतरलेली असते, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड चढलेली असते आणि मेकॅनिककडे रांग लागलेली असते. भिवंडी, दिव्याकडच्या खाडीकाठच्या गावांत तर खारी हवा हे काम आणखी लवकर उरकते.

आधी आवाज ओळखा.

एकच "टक्" होऊन शांत: रिले (सेल्फच्या मोटरकडे करंट सोडणारा स्विच) ओढतोय, पण मोटरपर्यंत करंट पोचत नाही. जोड, रिले किंवा मोटरचे कार्बन ब्रश.
"टकटकटक": बॅटरी उतरली आहे, नाहीतर टर्मिनल सैल.
"घूं... घूं..." करत कसंबसं फिरतं: अर्थिंग किंवा अर्धी मेलेली बॅटरी. सगळ्यात जास्त गाड्या इथे अडतात.
मोटर भर्रकन फिरते, इंजिन जागचं हलत नाही: स्टार्टरचा क्लच गेला. हे घरी होण्यासारखं नाही.
इंजिन झपाझप फिरतं पण सुरू होत नाही: बॅटरीचा विषय संपला. पेट्रोल आणि प्लग बघा.

आता अर्थिंग. बॅटरीच्या निगेटिव्हवरून निघालेली काळी वायर चॅसिसला किंवा इंजिनच्या बॉडीला एका बोल्टनं आवळलेली असते. त्या बोल्टखाली चिखल बसतो, रंग असतो, गंज चढतो. वरून बोल्ट घट्ट दिसतो, आणि तिथेच सगळे फसतात. सेल्फला करंट भरपूर लागतो आणि तो जाताना जितका लागतो तितकाच परत यावा लागतो. परतीची वाट अरुंद झाली की नवीकोरी बॅटरीही घूं-घूंच करते.

तपासायला एक जंपर केबल पुरे. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या धातूला, म्हणजे एखाद्या स्वच्छ बोल्टच्या डोक्याला लावा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून सेल्फ दाबा. इंजिन एकदम चपळ फिरलं की चोर सापडला. मल्टीमीटर असेल तर एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या बॉडीवर ठेवून सेल्फ दाबताना बघा: ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक, अर्ध्याच्या वर गेलं तर वायर सोडवून साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि मीटर नसेल तर बोटं आहेत. सेल्फ चारेक सेकंद दाबा, लगेच प्रत्येक जोड हातानं चाचपा. जो गरम लागेल तो खराब. पुस्तिकेत असो वा नसो, माझा भरवसा मीटरइतकाच यावर आहे.

साफ करताना निगेटिव्ह आधी सोडवा, लावताना शेवटी लावा. उलटं केलंत आणि पाना चॅसिसला टेकला की ठिणगी उडते, आणि चार्जिंगनंतर बॅटरीतून निघणारा वायू पेट घेणारा असतो. टर्मिनलवरची पूड कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून धुवा, पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. बोल्टखालची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, आवळा, आणि मग वरून व्हॅसलीन फासा. आधी व्हॅसलीन आणि मग बोल्ट, असं नाही.

शहापूरकडच्या एका मांडववाल्याची गाडी बघितली तेव्हा तिच्यात एका दुकानदारानं दोनदा बॅटरी बदललेली होती आणि तिसऱ्यांदा सेल्फची अख्खी मोटर बदलायला सांगितलं होतं. अर्थिंगची वायर रंगावरच आवळलेली! फार्महाऊसवाल्यानं विकण्याआधी चॅसिसला नवा काळा रंग मारला होता, बोल्ट त्याच्यावरच बसवला होता. पॉलिश पेपरचा एक तुकडा आणि दहा नंबरचा पाना, एवढ्यात गाडी फिरली. युरियाच्या गोणीबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारतात ना, बॅटरीचंही तसंच चाललंय. पेट्रोलमध्ये टाकायची "इंजिन क्लीनर"ची बाटली कुणी पुढे केली तर ती परत करा. जड फिरणाऱ्या इंजिनाला तिचा काडीचा उपयोग नाही.

अर्थिंग साफ असूनही जड फिरत असेल, तर मग बॅटरी. पूर्ण चार्ज झालेली, काही तास निवांत ठेवलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२.४ ला चार्जिंग हवं, १२ ला ती जवळपास रिकामी. सेल्फ दाबताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर ती थकली. चार्जिंग सावकाश करा: ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ०.७ अँपिअर, म्हणजे दहावा भाग. गॅरेजचा मोठा चार्जर तासाभरात "भरून" देतो तेव्हा ती उकळते. पाण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं पाणी नाही. इंजिन चालू झाल्यावर थोडी रेस देऊन बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत; नाही दिसले तर दोष चार्जिंगचा आहे आणि नवी बॅटरीही महिन्याभरात उतरेल. कारवरून जंप देताना कारचं इंजिन बंद ठेवा, आणि २४ व्होल्टच्या ट्रकवरून तर मुळीच देऊ नका.

आणखी एक गोष्ट, आणि ही दुर्लक्षाची दुसरी बाजू. कॉक उघडा राहिला आणि कार्बोरेटरमधली फ्लोटची नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) गळत असेल, तर पेट्रोल झिरपत सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये उतरतं. पिस्टनवर पेट्रोल साचलं की सेल्फ मध्येच ठप्प अडतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा दाबलं किंवा किकवर उभं राहिलात तर पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. ऑइलची कांडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी खुणेच्या वर दिसली तर ऑइल बदलणं भाग आहे. कॉक बंद करा, प्लग काढा, प्लगची वायर इंजिनला अर्थ करून बाजूला ठेवा, जवळ विडी-सिगारेट नको, आणि मग सेल्फ दाबा. साचलेलं पेट्रोल भोकातून उडून बाहेर येईल. त्या भोकासमोर तोंड नेऊ नका. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये ओलावा लवकर शिरतो, म्हणून गेल्या हंगामातलं टाकीतलं पेट्रोल ओतून काढा, कार्बोरेटरचा तळाचा स्क्रूही उघडा.

प्लग काढून सेल्फ दाबण्याची परीक्षा इतर वेळीही करा. प्लगशिवायही इंजिन रेंगाळत असेल तर करंट कमी पडतोय, नाहीतर मोटर किंवा बेअरिंग अडकतंय, किंवा ऑइल गरजेपेक्षा जास्त वा जाड भरलंय. प्लगशिवाय भन्नाट आणि प्लग लावल्यावर जड, तर बॅटरी काठावरची आहे. प्लगच्या टोकांमधला गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर, पुस्तिकेत वेगळा दिला असेल तर तो.

या आठवड्याची बाकीची कामं:

– भाताचं बी: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, तरंगणारं काढून टाका, दोनदा साध्या पाण्यात धुवा, सावलीत सुकवा.
– बीजप्रक्रिया: किलोला २.५ ग्रॅम थायरम.
– राब (भाताची रोपवाटिका): गादीवाफे, पाणी निघायला चर.
– युरिया: राबात पेरताना गुंठ्याला १ किलो.
– खाचरांचे बांध, खेकड्यांची बिळं.
– मांडवाच्या तारा, खांब.

एटीव्ही पावसात चिखलातून आली की धुवा, पण प्रेशरचा फवारा बॅटरी, रिले आणि वायरींच्या जोडांवर मारू नका. पाण्याच्या त्याच झोतानं जोडांत गाळ घुसतो आणि ऑगस्टमध्ये घूं-घूं पुन्हा सुरू होते. पेंढ्यातले उंदीर वायरी कुरतडतात, एअर फिल्टरच्या डब्यात घरटंही करतात. डबा उघडून बघा.

मेकॅनिककडे जायची वेळ तीनच ठिकाणी येते: प्लग काढूनही इंजिन अजिबात फिरत नाही, मोटर फिरते पण इंजिन फिरत नाही, किंवा अर्थिंग, बॅटरी आणि ऑइल तिन्ही नीट असून जड फिरतं. जाताना बॅटरी दाखवतेय तो आकडा आणि सेल्फ दाबताना दिसलेला आकडा कागदावर लिहून न्या, आणि मोटर उघडली तर फक्त ब्रश बदलायला सांगा. जुने ब्रश परत मागून घ्या.