कॉलेजात अभिरूप हवामान परिषद भरवताना

पुण्यातल्या कॉलेजांना अभिरूप संसदेचा सराव आहे. त्यामुळे हवामान परिषदेतही मुलं थेट मतदानावर येतात. ते पहिल्यापासून बंद ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या खऱ्या हवामान परिषदेत मतदानाचा नियम आजवर मंजूरच झालेला नाही, निर्णय सहमतीनेच होतात, आणि भारत-चीनसारख्यांचं बळ तिथूनच येतं.

२६ विद्यार्थी, दोन वर्ग, एक प्रोजेक्टर, साडेचार तास. दोघं अध्यक्षपदावर. बाकीच्यांचे चार-चार जणांचे सहा गट: बेसिक (ब्राझील, दक्षिण आफ्रिका, भारत, चीन), छोटी बेटं, अल्पविकसित देश, अरब देश, युरोपीय संघ, आणि अमेरिका-जपान-कॅनडा-ऑस्ट्रेलिया. मसुदा एक पानी, पाच कलमांचा. वादाचा शब्द चौकटी कंसात टाकून पडद्यावर दिसत राहू द्या.

पहिली ४० मिनिटं पहिल्या चार गटांना वेगळ्या वर्गात बसवा. हाच ‘जी-७७ आणि चीन’, म्हणजे विकसनशील देशांचा मोठा गट. ही पायरी वेळ वाचवायला गाळू नका, खरी ओढाताण इथेच असते. पैसा श्रीमंतांनी द्यावा यावर सगळे एक. पण मोठ्या विकसनशील देशांनीही उत्सर्जन लवकर घटवावं, असं बेटं म्हणतात. २००९ मध्ये कोपनहेगनच्या परिषदेत बेसिक देशांनी अमेरिकेशी बसून तोडगा काढला. तुवालू, बोलिव्हियासारख्यांनी विरोध केला आणि परिषदेने त्याची फक्त ‘नोंद घेतली’.

मग दीड तास ओळीओळीने वाचन, तासभर गटागटाने एकेक प्रतिनिधी बसवून खलबतं, उरलेला वेळ समारोपाच्या बैठकीला.

अध्यक्षांचा हातोडा पडला की निर्णय मंजूर. त्याआधी आक्षेप नोंदला गेलाच पाहिजे, हे बजावून सांगा. बाकूच्या परिषदेत २०२४ मध्ये, विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचा निर्णय झाला. भारताला बोलायची संधी मिळाली ती हातोडा पडल्यावर. तीव्र आक्षेप घेऊनही निर्णय कायम राहिला. कानकुनमध्ये २०१० साली एकट्या बोलिव्हियाचा विरोध, सहमती म्हणजे एकमत नव्हे असं सांगून, अध्यक्षांनी बाजूला सारला. उलट ग्लासगोत, २०२१ मध्ये, चीनची साथ असलेल्या भारताने कोळशाचा वापर ‘बंद करण्या’ऐवजी ‘कमी करण्या’ची भाषा अखेरच्या तासांत मसुद्यात आणली. तेव्हा नियम असा ठेवा: आक्षेप घेणाऱ्याने आधी दुसऱ्या दोन गटांशी बोलून ठेवलेलं असावं, नाहीतर अध्यक्षांनी पुढे जावं.

भारताच्या जागी बहुधा वक्तृत्व स्पर्धा गाजवणारं पोर बसतं आणि दरडोई उत्सर्जनावर भाषण ठोकतं. मुद्दा रास्त आहे, पण त्याने मसुद्यातला एक शब्दही हलत नाही. प्रत्येकाला दोनच मिनिटं द्या, आणि बोलून झाल्यावर पर्यायी वाक्य लेखी मागा.