जुनी मिलिटरी गाडी रस्त्यावर लोकांना दिसेल अशी कशी करायची

जुनी मिलिटरी जीप किंवा ट्रक रस्त्यावर काढणार असाल तर एक गोष्ट आधी डोक्यात बसवून घ्या, ही गाडी मुळात दिसू नये म्हणूनच बनवलीय. मॅट हिरवा रंग, कुठेही चकाकी नाही, दिवे छोटे आणि खाली लपलेले, पाठीवर स्टेपनी नि जेरीकॅन. ते काम तेव्हाच्या लोकांनी इतकं चोख केलंय की झाडांच्या सावलीतल्या रस्त्यावर भर दुपारी सुद्धा मागून येणाऱ्याला ही गाडी शेवटच्या क्षणी कळते.

त्यात स्पीडचा फरक. तुम्ही ५० ने चाललाय आणि मागचा १०० ने येतोय, म्हणजे दर सेकंदाला अंतर जवळपास १४ मीटरने कमी होतंय. त्याला तुम्ही २०० मीटरवरून दिसलात तर त्याच्याकडे १४ सेकंद आहेत, आरामात ब्रेक मारेल नाहीतर लेन बदलेल. ६० मीटरवरून दिसलात तर जेमतेम चार सेकंद, आणि त्यातला एक-दीड सेकंद 'हे काय आहे पुढे' हे कळण्यातच जातो. म्हणून माझं सरळ म्हणणं, वेळ आणि पैसा आधी मागच्या बाजूला घाला, पुढचं नंतर. आणि जे काय लावाल ते काढता येईल असं लावा, प्रदर्शनाला गाडी पुन्हा ओरिजिनल दिसली पाहिजे. ड्रिल घेऊन जुन्या पत्र्याला भोकं पाडायची अजिबात गरज नाही.

१. आधी स्वतः मागून बघा

संध्याकाळी अंधार पडायला लागला की गाडी रस्त्यापासून बाजूला, मोकळ्या जागी उभी करा, कुणालातरी सीटवर बसवा आणि तुम्ही शंभर-दीडशे पावलं मागे चालत जा. मग त्याला दिवे लावायला सांगा, ब्रेक दाबायला सांगा. बरेच जण हे कधी करतच नाहीत, गॅरेजमध्ये दोन फुटांवरून दिवा पेटलेला बघतात आणि खूश होतात.

इथे एक खास मिलिटरी भानगड आहे ती समजून घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन गाड्यांवर जो तीन खटक्यांचा लाइट स्विच असतो ना, त्यात मेन खटका 'ऑफ'वर असेल तर ब्रेकलाइट लागतच नाही! दिवसा हेडलाइट न लावता चालवताना तो 'स्टॉप लाइट'वर ठेवावा लागतो, रात्री किंवा हेडलाइट लावायचे असतील तेव्हा 'सर्व्हिस ड्राइव्ह'वर. साध्या गाडीची सवय असलेला माणूस दिवसा दिवे बंद म्हणून खटका ऑफला ठेवतो आणि दिवसभर ब्रेकलाइटशिवाय फिरतो, त्याला पत्ताच नसतो. आणि ब्लॅकआउटच्या (म्हणजे शत्रूला दिसू नये म्हणून अगदी मंद दिव्यांवर चालायच्या) जागी खटका राहिला तर त्याहून वाईट, कारण मग मागे फक्त मांजरीच्या डोळ्यांसारखे बारीक लाल ठिपके लागतात. ते ठिपके काफिल्यातल्या मागच्या ड्रायव्हरला अंतर कळावं म्हणून होते (लांबून एक दिसायचा, जवळ आलं की दोन, अजून जवळ आलं की चार), डोकेबाज काम आहे पण आजच्या ट्रॅफिकला त्याचा काही उपयोग नाही. स्विचशेजारी एक छोटी चिठ्ठी चिकटवा, दिवसा कुठे आणि रात्री कुठे. दुसरं कुणी गाडी हलवत असेल तर त्यालाही कळेल.

२. अर्थिंग, अर्थिंग, अर्थिंग

दिवा मिणमिणता असेल तर लगेच नवीन बल्ब आणायला पळू नका. रिस्टोर केलेल्या गाड्यांचं नेहमीचं दुखणं असं की सगळीकडे झकास नवा रंग मारलेला असतो, दिव्याच्या ब्रॅकेटखाली पण, बोल्टच्या भोकात पण, आणि दिव्याचं अर्थिंग, म्हणजे करंटचा बॅटरीकडे परतीचा रस्ता, तर बॉडीतूनच यायचं असतं. रंगातून करंट कसा जाणार? दिवा उतरवा, ब्रॅकेट बसते तिथला रंग रुपयाएवढ्या जागेत पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा काढा, दात्यांचा वॉशर टाका, वरून थोडं ग्रीस लावून परत कसा. अजून पक्कं हवं असेल तर प्रत्येक दिव्यापासून चेसीपर्यंत वेगळी अर्थ वायर टाका, बाहेरून दिसत नाही.

६ व्होल्टच्या गाड्यांना, म्हणजे युद्धकाळातल्या विलिस आणि फोर्ड जीप वगैरे, हे फार लागतं. साध्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या थोड्या घटीनेही बराच पडतो. ६ मधला अर्धा व्होल्ट गंजलेल्या जॉइंटमध्ये गेला की उजेड साधारण पाव हिस्सा कमी. वर २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब ६ व्होल्टवर साडेतीन अँपिअर ओढतो, १२ वर पावणेदोनच ओढला असता, त्यामुळे वायर जाड हवी आणि जॉइंट स्वच्छ हवे. मल्टिमीटर लावून बॅटरीवर किती आणि दिवा चालू असताना होल्डरवर किती ते बघा, फरक दिसला की वायर धरून एकेक जॉइंट तपासत या.

३. बल्ब बदला, पण बघून

एलईडी बल्ब लावणं हा सगळ्यात स्वस्त आणि बाहेरून अजिबात न दिसणारा उपाय. करंट कमी, त्यामुळे बिचाऱ्या जुन्या डायनामोवर ताण कमी. आणि एलईडी लगेच पेटतो, साध्या बल्बची तार तापायला सुमारे ०.२ सेकंद जास्त लागतात. मागचा ८० ने येत असेल तर तेवढ्यात चार मीटरच्या वर पुढे येतो, म्हणजे अख्ख्या जीपपेक्षा जास्त.

घेताना बघायच्या गोष्टी: व्होल्टेज आपल्या गाडीचंच हवं, ६, १२ का २४ (२४ वाल्यांनी १० ते ३० व्होल्ट चालणारा घेतला तर बरं). लाल काचेमागे लाल एलईडीच टाका, पांढरा टाकला तर काच त्यातला बराचसा उजेड गाळून टाकते आणि दिवा फिकट गुलाबी दिसतो. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतं (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं), तिथे साधा एलईडी उलटा पडून लागत नाही, दोन्हीकडून चालणारा मागून घ्या. काही देशांत रस्त्यावरच्या गाडीत असे बल्ब बदलायला परवानगी नाही, तर आपल्याकडचा नियम एकदा वाचा.

ब्रेकलाइटचा स्विच पण तपासा हं. जुन्या गाड्यांत तो ब्रेक ऑइलच्या प्रेशरवर चालतो आणि म्हातारा झाला की पेडल चांगलं जोरात दाबल्याशिवाय दिवा लागत नाही, नुसता पाय टेकवला तर काहीच नाही. पेडलजवळ एक साधा खटक्याचा स्विच क्लॅम्पने बसवला की पेडल हलताक्षणी दिवा लागतो.

४. उजवीकडचा दिवा जागा करा

युद्धकाळातल्या जीपला मागे दोन दिवे दिसतात पण खरा लाल टेललाइट आणि ब्रेकलाइट फक्त डावीकडे असतो, उजवीकडच्या डब्यात दोन्ही ब्लॅकआउटचेच. म्हणजे रात्री मागून एकच लाल दिवा. माणूस मागून अंतर ओळखतो ते दोन दिव्यांमधल्या फटीवरून, फट रुंद होत गेली की समजतो जवळ आलो. एकच दिवा असला की हा हिशोबच बंद, मागच्याला वाटतं मोटरसायकल आहे, आणि तो त्या हिशोबाने बाजूने काढायला जातो, तिथे तुमची उरलेली जीप उभी.

उपाय सोपा आहे. उजव्या डब्यातलं वरचं युनिट काढून डावीकडच्यासारखंच टेल-ब्रेकचं युनिट बसवायचं आणि डाव्या दिव्यापासून दोन वायरी आडव्या चेसीच्या आतल्या बाजूने न्यायच्या. डबा तोच, आकार तोच, जाणकार सोडला तर कुणाला कळणार नाही. काढलेलं युनिट फेकू नका, नाव लिहून पुडीत ठेवा.

५. इंडिकेटर

ओरिजिनल नाहीतच, हाताने इशारा करायचा जमाना होता. उघड्या गाडीत हात दाखवणं अजूनही करावं, पण त्यावर भरवसा ठेवू नका, आजकालच्या कित्येक ड्रायव्हरना तो हात म्हणजे तुम्ही ओळखीच्या माणसाला हाय करताय असं वाटतं. स्टिअरिंगच्या दांड्याला क्लॅम्पने बसणारा इंडिकेटर स्विच मिळतो, त्यातच चारही दिवे एकदम लावायचं हॅझर्डचं बटण असेल तो घ्या. एलईडी दिवे असतील तर फ्लॅशर इलेक्ट्रॉनिक हवा, जुना गरम होऊन चालणारा फ्लॅशर एवढ्या कमी लोडवर नीट लुकलुकत नाही. लुकलुकणं मिनिटाला ६० ते १२० च्या मधे असावं. हा स्विच आपोआप परत येत नाही म्हणून एक छोटा बझर जोडा, नाहीतर डावीकडचा इंडिकेटर देत देत तुम्ही पाच किलोमीटर सरळ जाल.

६. खरा मार्ग: काढता येणारी लाइटची पट्टी

मला विचाराल तर सगळ्यात कामाची गोष्ट हीच. ट्रेलरच्या मागे लावतात तसा लाइट बोर्ड, एका आडव्या पट्टीवर दोन्ही टोकांना टेल, ब्रेक, इंडिकेटर, रिफ्लेक्टर. गाडीच्या रुंदीएवढी पट्टी घ्या, मागच्या बंपरच्या खुंट्यांना किंवा फाळक्याला चामड्याच्या पट्ट्याने आवळा, आणि वायर ट्रेलरच्या सॉकेटमध्ये घुसवा. बऱ्याच मिलिटरी गाड्यांना ट्रेलर सॉकेट असतंच, फक्त गाडी २४ व्होल्टची असेल तर बोर्डातले दिवे पण २४ चेच हवेत. कार्यक्रमाच्या ठिकाणी पोचलात की दोन मिनिटांत पट्टी काढून सीटमागे. जमलं तर मधोमध उंचावर एक जादा ब्रेकलाइट पण लावा, मागच्या तिसऱ्या ड्रायव्हरलाही तो दिसतो. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून नव्या मोटारींना हा तिसरा दिवा सक्तीचा झाला तो उगाच नाही.

मागे छोटा ट्रेलर ओढत असाल तर जीपचे दिवे त्याच्यामागे झाकले जातात, तेव्हा हा बोर्ड ट्रेलरवरच गेला पाहिजे.

७. रेडियम

रेडियमच्या पट्टीला ना बॅटरी लागते ना वायर, गाडी बंद पडली तरी चालते. रंगाचा साधा नियम: मागे लाल, बाजूला पिवळा, पुढे पांढरा (देशानुसार थोडा फरक असतो, अमेरिकेत ट्रेलरना बाजूला आणि मागे लाल-पांढरी आलटून पालटून लावतात). पट्ट्या मधे कुठेतरी न लावता अगदी कोपऱ्यांना लावा, म्हणजे गाडीची रुंदी कळेल. जरा उंचावर लावा, खाली चिखल उडून अर्ध्या तासात झाकल्या जातात.

थेट रंगावर चिकटवू नका. मॅट रंगावर धड चिकटत नाही आणि काढताना रंग घेऊन येते. मॅग्नेटच्या शीटवर चिकटवा आणि शीट गाडीला लावा, घरी आलात की शीट काढून ठेवा कारण खाली ओल धरते. लँड रोव्हरची बॉडी ॲल्युमिनियमची असते, तिथे मॅग्नेट चिकटणार नाही, कापडी हूडवर तर प्रश्नच नाही. तिथे पट्टी कॅनव्हासच्या तुकड्यावर शिवून घ्या आणि हूडच्या कड्यांना बांधा. स्टेपनीला कॅनव्हासचं कव्हर करून त्यावर मोठं रेडियम शिवलं तर मागची सगळ्यात मोठी जागा कामाला लागते.

आणि ज्यांना वाटतं की असलं काही लावलं की गाडीचा इतिहास बिघडतो, त्यांच्यासाठी: १९३९ पासून ब्रिटनमध्ये ब्लॅकआउट होता तेव्हा मडगार्डच्या आणि बंपरच्या कडा पांढऱ्या रंगवायचे, अंधारात गाडी दिसावी म्हणूनच. ब्रिटिश मिलिटरी ट्रकच्या मागच्या ॲक्सलचा गोळा पांढरा रंगवून त्यावर एक छोटा दिवा सोडलेला असायचा, मागच्याने तो पांढरा ठिपका धरून चालायचं. तुमच्या गाडीच्या काळात आणि तुकडीत असा पांढरा रंग बसत असेल तर बिनधास्त मारा, ओरिजिनलपण आणि दिसणं दोन्ही साधतं.

अगदीच हळू गाडी असेल, ताशी ४० च्या आतली, तर ट्रॅक्टरच्या मागे लावतात तो केशरी त्रिकोण लाल किनारीचा, जिथे नियमात बसतो तिथे लावाच. छतावरचा पिवळा फिरता दिवा कुठे चालतो कुठे नाही, विचारून घ्या. निळा किंवा लाल फिरता दिवा मात्र नकोच, हौस म्हणून सुद्धा.

८. चालवताना

दिवसा पण हेडलाइट लावून चाला. हळू चालताना डायनामो फार चार्ज करत नाही, तेव्हा अँमीटरकडे (बॅटरी चार्ज होतेय की उतरतेय ते दाखवणारा काटा) लक्ष असू द्या. जुन्या गाडीचं इंजिनच इतकं आवरतं की गिअर पाडला की ब्रेक न लावता स्पीड उतरतो आणि मागच्याला काहीच कळत नाही, म्हणून गिअर पाडायच्या आधी ब्रेकला दोनदा हलका पाय लावा, दिवा लुकलुकू दे. उघड्या गाडीत मागच्या सीटवरच्याने फ्लुरोसंट जॅकेट घालावं. युनिफॉर्मच्या हौसेत सगळेच हिरवे कपडे घालून बसले की गाडी आणि माणसं मिळून एक झुडूप होतं!

चार-पाच गाड्या मिळून निघालात तर सगळ्यात चांगले दिवे असलेली गाडी शेवटी ठेवा, जमलं तर एखादी आजची साधी गाडीच हॅझर्ड लावून शेवटी ठेवा. मधे अंतर सोडा. १९४४ च्या रेड बॉल एक्सप्रेसमध्ये (युरोपात अमेरिकन सैन्याला रसद पोचवणारे ट्रकचे काफिले) सुद्धा ट्रकमध्ये ६० यार्ड ठेवायचा नियम होता, आणि तुमच्या मधे तर ओव्हरटेक करणाऱ्याला घुसायला जागा लागणार आहे.

गाडी बंद पडली तर हॅझर्डवर विसंबू नका, ६ व्होल्टची बॅटरी फार वेळ ते झेपवत नाही. घडीचा लाल त्रिकोण कायम गाडीत ठेवा आणि निदान ५० मीटर मागे लावा, हायवेवर अजून लांब. वळण असेल तर मागून येणाऱ्याला वळायच्या आधीच दिसेल असा लावा. आणि लोकांना गाडीतून उतरवून रस्त्याच्या कडेच्याही पलीकडे उभं करा, बोनेट उघडून चर्चा तिथूनच.