पहिली बरगडी काढल्यानंतरचे सहा महिने: या चुका टाळा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी खापरावरचे मांडे केले, तेव्हा ऑपरेशनला सहा आठवडे झाले होते. मांडा ज्यांनी केला आहे त्यांना सांगायला नको. दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर, कोपरं बाहेर आणि पुरणाचं सगळं वजन पंजांवर घेत मांडा फिरवून वाढवायचा. सात मांडे झाले, हात अजिबात दुखला नाही. सासूबाईंनी विचारलं, "आते कसा शे हात?" मी म्हटलं, एकदम छान. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालेलं, आणि काखेपासून कोपरापर्यंत जुनी ओळखीची ठणक. ती निवायला पुढचे तीन आठवडे गेले.

मी अमळनेर तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. फळ्यावर लिहिताना हात गळून जायचा, मुंग्या यायच्या. दोन वर्षं मानेचे मणके झिजले म्हणून उपचार झाले. शेवटी निदान झालं थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमचं. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून जातात, आणि तिथे त्या दाबल्या जातात. बहुतेकांमध्ये दाब नसांवर असतो. थोड्यांमध्ये शिरेवर, आणि क्वचित धमनीवर. शंभरात जेमतेम एखाद्याला मानेत जन्मतःच एक जादा बरगडी असते, तिच्यामुळेही हे होतं. व्यायामाने भागलं नाही तर पहिली बरगडी काढतात आणि मानेचे ताठ स्नायू मोकळे करतात. कुणाची चीर कॉलरबोनच्या वर असते, कुणाची काखेत. माझी काखेत होती.

डॉक्टरांनी जागा मोकळी करून दिली. पण त्या जागेत आता जखम भरतेय, आणि भरताना जो चिवट पापुद्रा तयार होतो तो नसांना चिकटू शकतो. त्रास परत सुरू झालाच तर बहुधा पहिल्या वर्ष-दोन वर्षांत होतो, आणि त्याचं एक मोठं कारण हे चिकटणं असतं. म्हणून हे महिने महत्त्वाचे.

आज दुखत नाही, म्हणजे आज चालतं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि माझीही. दुखावलेली नस लगेच तक्रार करत नाही. काम करताना हात गरम असतो, मन कामात असतं. नस रागावते ती रात्री, नाहीतर दुसऱ्या दिवशी. फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला एकच मोजमाप शिकवलं: आजच्या कामाचा निकाल उद्या सकाळच्या हातावर बघायचा. सकाळी मुंग्या वाढल्या असतील तर कालचं काम निम्मं करायचं. जैसे थे असेल तर तेवढंच आणखी दोन-तीन दिवस, मग थोडं वाढवायचं. मी वहीत रोज एक ओळ लिहू लागले: काल काय केलं, आज सकाळी बोटं कशी. महिनाभरात त्या वहीनेच दाखवलं की भाकरी थापण्यापेक्षा दोरीवर कपडे वाळत घालणं मला जास्त बाधतं, कारण तिथे हात डोक्याच्या वर जातो.

वजनाचं बंधन सगळे ऐकतात, पण घरातल्या वस्तूंचं वजन कुणी मोजत नाही. माझ्या कागदावर पहिल्या सहा आठवड्यांसाठी २ किलोची मर्यादा होती. तुमच्या कागदावर आकडा वेगळा असेल तर तोच धरा. पाण्याने भरलेली साधी बादली १५ किलोच्या आसपास जाते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या घरात जातो आणि दिवसातून दोनदा कूलरची टाकी भरावी लागते. बादली उचलून वर ओतणं म्हणजे वजनही आणि उंचीही. हे काम त्या उन्हाळ्यापुरतं सरळ दुसऱ्याला द्या, किंवा नळी लावा. लहान मूल कडेवर घेणं, हंडा काढणं, भरलेला कुकर एका हाताने उतरवणं हे सगळं त्याच हिशोबात येतं.

हात गळ्यात बांधून ठेवणं

याच्या उलट टोकाची ही चूक. जावेच्या माहेरचे एक काका दोन महिने हात झोळीतच ठेवून बसले. खांदा असा आखडला की शर्ट घालता येईना. झोळी दिली असेल तर सांगितले तेवढेच दिवस वापरा. बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायची. खांदा डॉक्टर सांगतील तसा हळूहळू.

नस सरकवण्याचे व्यायाम शिकवतात, त्यात बऱ्याच जणांची गल्लत होते. नस ताणायची नसते, म्यानातल्या तलवारीसारखी पुढेमागे सरकवायची असते. मुंग्या येऊ लागल्या की तुम्ही ताणताय, तिथून मागे या. मोबाइलवर बघून रबरी पट्ट्या आणि डंबेल तर सुरुवातीला नकोच.

श्वासाचंही तसंच. बरगडीच्या जागी दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो. त्याने फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही, कफ साचतो, आणि मानेचे तेच स्नायू छाती वर ओढायला लागतात ज्यांना विश्रांती हवी आहे. दवाखान्यातून तीन गोळ्यांचं फुंकायचं यंत्र देतात. खरं तर ते फुंकायचं नाही, ओढायचं असतं! पोटावर हात ठेवा, श्वास घेताना पोट वर आलं पाहिजे. खोकताना छातीशी उशी घट्ट धरा.

मालिश आणि शेक

हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण यामागे घरच्यांची मायाच असते. "नस चढली, जरा चोळून देतो" म्हणणारा कुणीतरी प्रत्येक गावात असतो. ताज्या जखमेच्या आसपास आणि मानेच्या खड्ड्यात जोराने दाबून चोळणं म्हणजे ज्या नसा नुकत्याच मोकळ्या केल्या त्यांनाच पुन्हा दुखावणं. चीर पूर्ण भरल्यावर व्रणावर हलक्या बोटांनी मालिश करतात, पण ती डॉक्टरांनी सांगितल्यावर आणि सांगितली तशीच.

शेकाचा धोका वेगळा. काखेतून ऑपरेशन झालं की दंडाच्या आतल्या बाजूची कातडी बधिर होते, कारण तिथली एक बारीक नस वाटेतच असते. हे बऱ्याच जणांना होतं, हळूहळू कमी होतं, थोडं कायमही राहू शकतं. त्यामुळे ऑपरेशन फसलं असं समजू नका. पण त्या जागी गरम वाळूची पुरचुंडी ठेवली तर चटका लागतो आणि कळतही नाही. मला फोड आला तेव्हा समजलं.

उन्हाळ्यात काखेतली जखम घामाने ओली राहते. सुती, सैल कपडे घाला, जागा कोरडी टिपा, पावडर थापू नका. हळदही लावू नका.

गोळ्या मनाने बंद करणं

शिरेत रक्ताची गाठ होऊन ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या देतात. हाताची सूज उतरली की त्या सोडून देणारे लोक मी स्वतः पाहिलेत. त्या डॉक्टरांनीच बंद करायच्या. मेडिकलमधून आणलेली अंगदुखीची गोळी त्यांच्या जोडीने घेतली तर रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून आधी विचारा. गोळी वॉरफॅरिन असेल तर मेथी-पालक बंद करायची गरज नाही, रोजचं प्रमाण मात्र साधारण सारखं ठेवा.

थांबू नका, निघा

अचानक दम लागणं किंवा छातीत दुखणं, हात पांढरा-गार पडणं किंवा निळसर होऊन सुजणं, मानेत झपाट्याने फुगवटा येणं: यात सकाळची वाट बघायची नाही. १०८ला फोन करा. ताप, जखमेतून पू, जखमेतून दुधासारखं पाणी येणं (हे डाव्या बाजूच्या ऑपरेशनमध्ये जास्त), पाठीचं फऱ्याचं हाड पंखासारखं बाहेर येणं, एका डोळ्याची पापणी उतरणं, हे त्याच दिवशी सर्जनला कळवा. मुंबई-नाशिकहून परत येताना सर्जनचा नंबर आणि ऑपरेशनचा कागद दोन्ही सोबत असू द्या. गावच्या डॉक्टरांना हा आजार क्वचितच दिसतो, त्यांना तो कागद वाचायला द्या. आणि त्या प्रवासात वरचा बर्थ घेऊ नका, एसटीत वरच्या दांड्याला लटकून उभं राहू नका.

शेताकडे परतताना

आपल्या भागात यावर फारसं कुणी बोलत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. कपाशीवर फवारायचा पाठीवरचा पंप १६ लिटरचा असतो. भरला की पंपासकट २० किलोच्या आसपास जातो. त्याचे पट्टे नेमके कॉलरबोनवर दाबतात, म्हणजे जिथून नसा जातात त्याच जागेवर. केळीचा घड खांद्यावर घेणं हाही तोच दाब. अशी कामं निदान सहा महिने, आणि सर्जनने स्पष्ट हो म्हटल्याशिवाय, नकोत. वेचणीला जायचंच झालं तर कापसाची झोळी गळ्यात न अडकवता कमरेला बांधा, दर अर्ध्या तासाने रिकामी करा. उंच झाडांची ओळ दुसऱ्याला द्या.

नस बरी व्हायचा वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर असतो. मानेपासून बोटांपर्यंतचं अंतर मोजून बघा, म्हणजे सहा महिन्यांत पकड परत आली नाही म्हणून कुणी घाबरणार नाही. दुखणं आधी कमी होतं, मुंग्या नंतर, ताकद सगळ्यात शेवटी. तळव्याचे स्नायू आधीच वाळले असतील तर ते पूर्ण भरून येतीलच असं नाही, हेही सर्जनला आधी विचारून घ्या.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहायला सुरुवात केली. वरची तारीख आणि सुविचार चौथीतली उंच मुलगी स्टुलावर चढून लिहायची. तिने ते काम वर्षभर केलं.