अंडी कमी झाली? औषध आणण्याआधी या चुका तपासा

परसात दहा-पंधरा कोंबड्या पाळणाऱ्या घरांत अंडी कमी झाली की पहिली धाव औषधाच्या दुकानाकडे असते. जीवनसत्त्वांची बाटली येते, पाण्यातून दिली जाते, आठवडा जातो आणि अंडी तेवढीच राहतात; कारण बहुतेक वेळा कोंबडी आजारी नसतेच, अंडे घडवायला लागणारे काहीतरी तिला रोज कमी पडत असते. म्हणून औषधावर पैसे घालण्याआधी कोंबडी हातात घेऊन तपासावी.

संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात स्थिरावल्या की एकेक हलकेच उचलावी आणि शेपटीखाली, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना लागणारी हाडांची टोके बोटांनी चाचपावीत. त्या टोकांच्या मध्ये दोन-तीन बोटे सहज मावत असतील, गुदद्वार ओलसर व रुंद असेल आणि तुरा लालभडक असेल, तर ती कोंबडी अंडी देत आहे. जेमतेम एक बोट मावत असेल आणि तुरा आक्रसून फिकट पडला असेल, तर ती सध्या अंड्यावर नाही. पंधरांपैकी दहा कोंबड्या अंड्यावर निघाल्या आणि हाती मात्र रोज दोन-तीनच अंडी लागत असतील, तर दोष दाण्यात नाही; अंडी दुसरीकडे जात आहेत. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या कडब्याच्या गंजीत, सरपणाच्या मोळ्यांमागे किंवा कुंपणाच्या जाळीत अंडी घालतात आणि ती धामण, मुंगूस किंवा कावळा संपवतो. बहुतेक कोंबड्या सकाळीच अंडी घालतात, त्यामुळे आठ-दहा दिवस त्यांना दहा वाजेपर्यंत आतच ठेवावे आणि दर चार-पाच कोंबड्यांमागे अंधाऱ्या कोपऱ्यात पेंढा घातलेली एक टोपली ठेवावी. त्यांना त्या जागेची सवय लागते.

अपेक्षाही तपासून पाहावी. देशी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. दहा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक होते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते, आणि तो तिचा स्वभाव आहे. ग्रामप्रियासारखी सुधारित जात चांगल्या दाण्यावर याच्या दुपटीहून अधिक अंडी देते, पण तिला उकिरड्यावर सोडून देऊन चालत नाही. खुडूक कोंबडीला पाण्यात बुडवण्याची किंवा तिच्या नाकपुडीत पीस ओवण्याची जुनी रीत कृपा करून सोडून द्या. तळाला जाळी असलेल्या हवेशीर पिंजऱ्यात, पेंढ्याशिवाय, पण दाणापाण्यासह तीन-चार दिवस ठेवले की पोटाखालची ऊब मोडते आणि खुडूकपणा बहुधा उतरतो. वर्षातून एकदा कोंबडी पिसे टाकते, तेव्हाही दीड-दोन महिने अंडी बंद राहतात. त्या काळात तिला चांगला दाणा द्यावा आणि वाट पाहावी.

सर्वांत मोठी चूक दाण्यात होते. ज्वारी, मका, तांदळाच्या कण्या आणि शिळी भाकरी यांवर कोंबडी जगते, वजनही धरते, पण मक्यात प्रथिने सुमारे ९ टक्के आणि ज्वारीत १० टक्क्यांच्या आसपास असतात, तर अंड्यावरच्या कोंबडीला १६ ते १८ टक्के प्रथिनांचा आहार लागतो. बंदिस्त कोंबडी दिवसाला सुमारे १०० ते १२० ग्रॅम खाते. मोकळी फिरणारी कोंबडी किडे आणि कोवळा पाला खाऊन काही उणीव भरून काढते, पण कोरड्या उन्हाळ्यात परसात किडेच नसतात आणि नेमकी तेव्हाच अंडी कमी होतात. अशा दिवसांत संध्याकाळी नुसत्या धान्याऐवजी अंड्यावरच्या कोंबड्यांचा तयार दाणा द्यावा. हा दाणा पिल्लांना मात्र कधीही घालू नये, कारण त्यातले जास्तीचे कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना इजा करते. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जाते आणि कवच मुख्यतः रात्री घडते. म्हणून मऊ किंवा बिनकवचाची अंडी येऊ लागली तर शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवावा. ज्या कोंबडीला गरज असते ती आपण होऊन खाते. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड कोंबड्यांपुढे टाकण्याचा मोह टाळावा. त्या बुरशीचे विष यकृतावर जाते.

अंड्याचा सुमारे पाऊण भाग पाणीच असतो. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात पत्र्याच्या भांड्यातले पाणी दुपारी इतके तापते की कोंबडी त्याला चोच लावत नाही, आणि काही तासांची तहानसुद्धा पुढचे काही दिवस अंड्यांवर दिसते. मातीचे पसरट भांडे सावलीत ठेवावे, दुपारी पाणी बदलावे आणि दाणा पहाटे व संध्याकाळी द्यावा.

डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. सलग अंडी देण्यासाठी कोंबडीला सुमारे चौदा तास उजेड लागतो. एक साधा दिवा पहाटे लावून ही तूट भरून काढता येते. तो संध्याकाळी लावला आणि अचानक विझला, तर कोंबड्या अंधारात जागा शोधत धडपडतात. वाढीच्या तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांना, हा जादा उजेड देऊ नये; त्या अंग भरण्याआधीच अंड्यावर येतात.

खुराड्यात गुडघ्यावर बसून श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर खाली अंथरलेले तूस ओले आहे, आणि ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. कोकणातल्या पावसाळ्यात तूस रोज वरखाली करावे आणि भिजलेले काढून टाकावे. कोंबड्या संध्याकाळी आत जायला कचरू लागल्या तर रात्री विजेरी घेऊन बांबूच्या सांध्यांत आणि फटींत पाहावे. गोचिड आणि बारीक लालसर किडे दिवसा तिथे दडतात व रात्री रक्त पितात. अशा वेळी फटी बुजवून चुना लावावा. शेतात फवारायचे कीटकनाशक कोंबड्यांच्या अंगावर कधीही मारू नये, कीडनाशक पशुवैद्यकाला विचारूनच वापरावे.

एका बाबतीत मात्र आधी तपासू, मग बघू असे म्हणून चालत नाही. मानमोडी, म्हणजे राणीखेत, लस न दिलेल्या कळपात शिरली की दोन-चार दिवसांत जवळजवळ सगळ्या कोंबड्या जाऊ शकतात, आणि तिच्यावर औषध नाही. पिल्लाच्या पहिल्या आठवड्यात लासोटा ही लस आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही लस हा नेहमीचा क्रम आहे. देवीच्या लशीची वेळ पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी. लशीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक कोंबड्यांची असते, म्हणून दहा कोंबड्यांचे घर लसच टाळते. वाडीतल्या पाच-सहा घरांनी एकच दिवस ठरवला तर ही अडचण राहत नाही. लस बर्फात ठेवूनच आणावी आणि कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवावी. ती पाण्यातून द्यायची असेल तर नळाचे क्लोरीनयुक्त पाणी वापरू नये, नाहीतर लस पाजूनही कळप उघडाच राहतो. आजारी पडलेल्या कोंबड्यांना लस देऊन त्या वाचत नाहीत.

आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी थेट कळपात सोडणे हा रोग घरात आणण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. तिला किमान तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवावे आणि दाणापाणी आपल्या कोंबड्यांचे झाल्यावर, शेवटी द्यावे. एकाच वेळी अनेक कोंबड्या पटापट मेल्या तर त्या विकू नयेत, खाऊ नयेत, ओढ्यात टाकू नयेत. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे, कारण बर्ड फ्लूची सुरुवातही अशीच दिसते. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात तो आढळला तेव्हा तिथे लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. कळवल्यानंतर डॉक्टर येईपर्यंत मेलेल्या कोंबड्यांना उघड्या हाताने शिवू नये आणि कुत्र्या-मांजरांना त्यांच्याजवळ जाऊ देऊ नये. नमुने घेऊन झाल्यावर त्या डॉक्टरांच्या सांगण्यानुसार खोल खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात.