डायनामो खोलण्याआधी मीटर लावा

"सकाळी सेल्फ लागत नाही, डायनामो बघा जरा," असं म्हणत गिऱ्हाईक येतं. आजार त्यानेच ठरवलेला असतो, आणि बरेचदा चुकीचा. (डायनामो म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर.) आयटीआय करून सांगली-मिरजेत एखाद्या वायरमनच्या हाताखाली नवीन लागला असाल, तर पाना नंतर उचला.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. 12.2 म्हणजे साधारण निम्मी उतरली. ती आधी चार्जरवर भरून घ्या, नाहीतर पुढची रीडिंग फसवतात. चावी ऑन केल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागलाच पाहिजे. जुन्या गाड्यांत फील्डला (डायनामोच्या आत फिरणाऱ्या कॉइलला) पहिला करंट त्याच वाटेने जातो. नसेल लागत तर बल्ब, फ्यूज आणि डायनामोमागचं सॉकेट बघा.

बेल्ट चकचकीत, कडक झालाय का, हे हात लावून बघा, अर्थात इंजिन बंद असताना. मग गाडी चालू करून 1500 ते 2000 आरपीएमला बॅटरीवर 13.8 ते 14.5 व्होल्ट बघा. हेडलाइट आणि ब्लोअर फुल केल्यावरही साडेतेराच्या खाली येऊ नये. 15 च्या वर गेलं तर कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) गेला, बॅटरीचं पाणी उकळून आटतं. नव्या गाड्यांत चार्जिंग ईसीयूच्या, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या हातात असतं. बॅटरी भरलेली असली की तो व्होल्टेज मुद्दाम कमी ठेवतो, म्हणून हेडलाइट लावूनच निकाल द्या. चार्जिंग तपासायला चालू गाडीची बॅटरी काढायची जुनी खोड मात्र सोडा. व्होल्टेज उसळून ईसीयू उडतो.

खरी पारख पुढे आहे. समजा डायनामोच्या बी टर्मिनलपासून (चार्जिंगची जाड वायर निघते तिथून) त्याच्याच बॉडीपर्यंत 14.3 मिळतात आणि बॅटरीवर 13.1. मधले 1.2 व्होल्ट कुठे गेले? लोड चालू ठेवून एक प्रोब बी टर्मिनलच्या नटावर, दुसरा बॅटरीच्या प्लस पोलवर ठेवा. पोलवरच, क्लॅम्पवर नाही. इथे 1.1 दिसले, आणि डायनामोची बॉडी ते मायनस पोल 0.1, तर अर्थिंग ठीक आहे आणि डायनामोही. दोष प्लस केबलचा. लगजवळचं (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीजवळचं) रबर सोलून बघा, आत तांब्यावर हिरवी बुरशी निघेल. दोन्ही बाजूंना 0.2 पर्यंत चालतं. हे न मोजता नवा डायनामो बसवला, तर तोही तेवढंच चार्ज करणार आणि शिव्या तुम्हाला.

2019 आणि 2021 साली कृष्णेच्या पुरात इथल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाडीत कार्बनच्या (फील्डला करंट पोचवणाऱ्या ब्रशच्या) खाचेत गाळ बसतो, कार्बन अडकतो आणि चार्जिंग येतं-जातं. बेअरिंग काही दिवसांनी ओरडायला लागतं. तिथे डायनामो खोलायलाच हवा. कार्बन आखूड झाले असतील तर जोडीने बदला.

डायोड डायनामोच्या एसीचा डीसी करतात; ते तपासायला मीटर एसी रेंजवर घ्या. चालू गाडीत बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर डायोड प्लेटवर संशय. स्वस्त मीटर या रेंजवर डीसीसुद्धा दाखवतात. प्रोब उलटे करून आकडा एकदम बदलला तर त्या मीटरचं ऐकू नका.

आणि चार्जिंग चोख असूनही सकाळी बॅटरी डाउन? मग गळती, म्हणजे बंद गाडीतही कुठेतरी करंट जातोय. मायनस केबल काढून मध्ये अँपिअर मीटर जोडा, गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. 50 मिलिअँपच्या वर करंट राहिला तर एकेक फ्यूज काढत जा. बऱ्याचदा बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीमच सापडते.