काळ्याने मारलेला डाव घरी कसा अभ्यासावा

ग्रँडमास्टर विदित गुजराथीच्या नाशकात मुलाला बुद्धिबळाच्या क्लासला घालणं सोपं आहे. घरी डाव घेऊन बसायचं कसं, तिथे गाडी अडते.

एकच डाव घ्या: न्यूयॉर्क, १९५६, डोनाल्ड बर्न विरुद्ध बॉबी फिशर. काळी मोहरी तेरा वर्षांच्या फिशरकडे. ओपनिंग ग्रुनफेल्ड, म्हणजे पांढऱ्याला मध्यात ऐसपैस पसरू द्यायचं आणि मग त्यावरच तुटून पडायचं.

चाली छापून घ्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. इंजिन (चाली तपासणारं बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर) लावलं की मूल पट बघत नाही, कोण किती वरचढ आहे तो आकडा बघतं. काळ्याच्या बाजूने बसा आणि पुढच्या चाली पुठ्ठ्याने झाका.

पहिल्या दहा चाली भराभर लावा. एवढंच टिपा की काळ्याने चौथ्या चालीला किल्लेकोट केला (राजा एका चालीत हत्तीच्या आड नेला), पांढरा राजा मात्र अजून ई१ वरच, म्हणजे सुरुवातीच्या घरातच आहे.

अकराव्या चालीला थांबा. पांढऱ्याचा उंट जी५ वर आलाय. आता काळ्याची चाल मुलाला सुचवू द्या, वहीत लिहायला लावा, मगच पुठ्ठा सरकवा. फिशरने घोडा ए४ वर नेला, चक्क फुकट! तो मारून बघा: काळ्याचा दुसरा घोडा ई४ चं प्यादं घेतो, वजीर आणि उंट दोघांवर एकदम डोळा ठेवतो, आणि राजासमोरची ई-पट्टी उघडते. बर्नने तो मारला नाही, ते उगाच नाही.

सतरावी चाल सगळ्यात जास्त वेळ खाईल, खाऊ द्या. काळा वजीर माराखाली असताना फिशर उंट ई६ वर ठेवतो. पांढऱ्याने ई६ चा उंट मारला तर? काळ्याचा वजीर बी५ वर शह, पांढरा राजा जी१. घोडा ई२ वर शह, राजा एफ१. घोडा जी३ वर दुहेरी शह, राजा परत जी१. वजीर एफ१ वर बळी, हत्तीने मारणं भाग. घोडा ई२, मात. हे हाताने लावाच, नुसतं वाचून डोक्यात बसत नाही. बर्नने वजीर घेतला, पण त्या बदल्यात फिशरला एक हत्ती, दोन उंट आणि प्यादं मिळालं. तिथून ४१ व्या चालीच्या मातेपर्यंत भरभर गेलात तरी चालेल.

हे जमलं की २०२४ च्या टोरांटो कँडिडेट्समधला (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) नाकामुरा–विदित डाव काढा. तोही काळ्यानेच जिंकलाय. विदितचा उंट एच३ वर पडतो, त्याच्या एक चाल आधी थांबा.